शुक्रवारचं चर्च आणि शेजारचा चहा

आमच्या घरी सात-आठ वर्षं रविवार शुक्रवारी यायचा. शारजात शुक्रवारी सुट्टी आणि रविवारी ऑफिस, म्हणून आमच्या मंडळीनेही उपासना शुक्रवारवर आणली होती. मी नगरला आईला फोनवर सांगायची की आज चर्चला जाऊन आलो, तर ती काळजीने विचारायची, कोण गेलं? तिच्या हिशेबात आठवड्याच्या मधेच चर्चला जायचं म्हणजे लग्न तरी असणार, नाहीतर मयत. तिला कितीही समजावलं तरी रविवार असा कुणाच्या सोयीने हलवता येतो हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

आम्ही मूळचे नगरचे मराठी ख्रिस्ती. माझ्या लहानपणीच्या चर्चमध्ये पेटी होती, तबला होता, आणि भजन रंगलं की म्हातारी माणसं डोळे मिटून झांजा वाजवायची. नव्वदच्या दशकात आम्ही शारजाला आलो. तिथे नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका फिलिपिनो मित्राने त्याला मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या सभेला नेलं. नवऱ्याला ते फारच आवडलं. कारण तिथे पगारी पाळक नव्हता, सगळी कामं सभासदांनीच वाटून घ्यायची, आणि आमचे हे मुळातच कमिटीवाले. दोन वर्षांनी एका सभासदाच्या व्हिलातल्या पोहण्याच्या तलावात आमचे बाप्तिस्मे झाले. मला पोहता येत नाही. त्यामुळे बाप्तिस्मा देणाऱ्या कॅनेडियन गृहस्थांचा हात मी पाण्यातून वर आल्यावरही सोडेना. त्यांना ते भक्तीचं लक्षण वाटलं.

शुक्रवारी सकाळी शारजाच्या रोल्ला भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये रणधुमाळी असायची. जुम्म्याच्या नमाजाची गर्दी व्हायच्या आत सभा उरकून परतायचं म्हणून लवकर निघावं लागे. हे खाली गाडीत बसून हॉर्न वाजवत, अरबांसारखं यल्ला यल्ला, चला चला करत. मुलाचा एक बूट सापडायचा, दुसरा नाही. मुलगी केस विंचरून घेता घेता सुनवायची, “मम्मी, थ्री अवर्स इज टू मच.” तीन तास हे खरंच जास्त होते, पण आईने तसं म्हणायचं नसतं. पिशवीत रंगीत खडू, कागद, धाकट्यासाठी कोरडा नाश्ता आणि ओला रुमाल घेऊन आम्ही दुबईत मंडळीने उपासनेसाठी घेतलेल्या व्हिलातल्या हॉलमध्ये मागच्या रांगेत बसायचो. प्रभुभोजनाचा पाव आणि पाणी रांगेतून फिरवलं जायचं तेवढी दहा मिनिटं मुलं गप्प राहावीत एवढीच माझी प्रार्थना असायची.

तिथे भाषणंही सभासदांनीच द्यायची. एकदा ह्यांच्याकडे विषय आला संयमाचा. दहा मिनिटं दिली होती, हे पंचवीस मिनिटं बोलले. संयम घरापासून सुरू होतो, असं म्हणून त्यांनी घोटभर पाणी प्यायला थांबावं आणि नेमकं तेव्हाच आमच्या चिरंजीवांनी खणखणीत आवाजात म्हणावं, “बट डॅडी शाउट्स ॲट एव्हरी सिग्नल.” अख्खा हॉल हसला. हेही हसले. घरी येताना मात्र एकाही सिग्नलला हॉर्न वाजला नाही, आणि त्या शांततेत मुलगा बिचारा खिडकीला चिकटून बसला होता.

हे सगळं आठवलं की मला हसू येतं. पण खरं सांगायचं तर त्या वर्षांत मला फार एकटं वाटायचं. मंडळीतली माणसं वाईट नव्हती. उलट सगळ्या बायका मला सिस्टर म्हणायच्या, गळ्यात पडायच्या, आजारी पडले की डबा आणायच्या. पण त्यांच्या गप्पा त्यांच्या गावच्या आणि त्यांच्या शाळांच्या. कुठे हसायचं ते मला शेजारी बसलेल्या बाईकडे बघून ठरवावं लागे. देवाशी इंग्रजीत बोलताना तर इंटरव्ह्यू दिल्यासारखं वाटायचं. इतर दिवशी हे सकाळी सहाला ऑफिससाठी जेबल अलीला निघायचे ते रात्री आठला परत. मुलांशी मी मराठीत बोलायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. कित्येक दिवस असे गेले की दिवसभरात पूर्ण मराठी वाक्य फक्त मीच बोलले आणि तेही कुकरशी.

त्यात चहा सुटलेला. आमच्या मंडळीत दारू, सिगारेट तर नाहीच, पण चहा-कॉफीही वर्ज्य. दारूचं आम्हाला सोयरसुतक नव्हतं. चहाचं होतं. माहेरी दिवसाला पाच चहा पिणारी मी, पहिले पंधरा दिवस डोक्याला रुमाल बांधून फिरले. पण डोकेदुखी थांबते. मराठी माणसाच्या घरात चहा नसला की पुढे काय होतं ते मला नंतर कळलं. पुण्याचं एक जोडपं एकदा सकाळी आठला आलं, त्यांच्यापुढे मी लिंबाचं सरबत ठेवलं. त्यांनी ते औषधासारखं घेतलं आणि पुन्हा कधी फिरकले नाहीत.

अशात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये खेडचं कुटुंब राहायला आलं. रत्नागिरीकडचे मुसलमान. नवरा एका ट्रेडिंग कंपनीत होता, मुलं मोठी, गावी शिकायला. भाभी माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी दार उघडं टाकून कामवाल्या पोऱ्यावर ओरडताना अस्सल कोकणी ठसक्यात एक वाक्य टाकलं आणि मी हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर धावले. त्या मला बाय म्हणू लागल्या. रोज अकराला आम्ही आपापल्या दारात उभ्या राहून तासभर बोलायचो. मासे, सासवा, गावचे पाणवठे, काहीही. मी इतकं बोलायची की रात्री घसा दुखायचा.

मग त्या म्हणाल्या, दारात काय, घरात ये, चहा घे. मी गेले, पण चहाला नको म्हटलं. ॲसिडिटीचं कारण दिलं. दुसऱ्या वेळी आत्ताच झाला म्हटलं, तिसऱ्या वेळी डॉक्टरवर ढकललं. आणि चहाला नाही म्हटल्यावर नुसती खारी मागायची कशी, म्हणून खारीलाही नाही. खरं कारण सांगायला एक अडचण होती. आमच्या मंडळीत सगळ्यांना बजावून सांगितलेलं होतं की ह्या देशात आपण पाहुणे आहोत, मुसलमान शेजाऱ्यांपाशी आपल्या धर्माचा विषय काढायचा नाही. कुणाला वाटायला नको की आपण त्यांना ओढायला बघतोय. नियम शहाणपणाचाच होता. मी तो भीत भीत, जरा जास्तच पाळत होते.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आमचा उपास असे. साबुदाण्याचा नव्हे, पाणीसुद्धा न घेण्याचा. अशाच एका शुक्रवारी दुपारी, हे मुलांना घेऊन बाजारात गेले असताना, भाभी गरम गरम सांदणं घेऊन आल्या. तांदळाची, नारळाच्या दुधातली, वाफाळलेली. माझ्या आवडीचं ऐकून खास केली होती. म्हणाल्या, माझ्यासमोर एक खा. मी म्हटलं, नंतर खाते. एकच, म्हणाल्या. मी म्हटलं, पोट भरलंय. माझे ओठ सुकलेले होते आणि पोटात कावळे ओरडत होते, ते त्यांना दिसलंच असणार. त्यांनी ताटली ओट्यावर ठेवली, पदर नीट केला आणि गेल्या. संध्याकाळी आम्ही ती सांदणं अक्षरशः भांडून खाल्ली, पण ते त्यांनी कुठे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी अकराला त्यांचं दार बंद होतं. तिसऱ्या दिवशीही. लिफ्टमध्ये भेटल्या तर मान हलवायच्या, बस्स. मी चार दिवस विचार करत राहिले की माझं काय चुकलं. पाचव्या दिवशी कपडे वाळत घालताना माझी ट्यूब पेटली. त्यांना वाटलं होतं, मी मुसलमानाच्या घरचं खात-पीत नाही.

मला, मला असं कुणी समजावं. माझ्या पणजोबांसाठी गावात पाटलाच्या ओसरीबाहेर, भिंतीतल्या कोनाड्यात वेगळा फुटका कप ठेवलेला असायचा. तो आपणच घ्यायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, आपणच धुऊन परत ठेवायचा. तो कप सोडून ते ख्रिस्ती झाले, ही गोष्ट आमच्या घरी प्रत्येक मुलाला सांगितली जाते. त्यांची पणती शारजात येऊन शेजारणीच्या कपाला हात लावेना. मला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी जेवले नाही.

पुढच्या शुक्रवारी मी आमच्या मंडळीच्या प्रमुखांना गाठलं. ते तेल कंपनीत इंजिनियर होते, शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की आपणहून विषय काढू नका, पण तिने विचारलं तर दोन वाक्यांत खरं सांगून टाका. मी निश्चिंत झाले. आता त्या विचारतील, मी सांगेन. पण ज्याचा अपमान झाला तो विचारायला येत नसतो, एवढी साधी गोष्ट ना त्या इंजिनियरच्या लक्षात आली ना माझ्या. मी वाट बघत राहिले. रमजान आला, ईद झाली, आमचा नाताळ झाला. मी माझ्या मुलीच्या हाती केक पाठवला, तो घेतला गेला आणि ताटली दुसऱ्या दिवशी आमच्या दाराशी धुऊन ठेवलेली सापडली, साखर घालून. रिकामी परत करायची नाही, ही रीत त्यांनी रागातही पाळली होती. असं करता करता वर्ष गेलं.

मग एका गुरुवारी लिफ्टसमोर खोकी दिसली. खालच्या वॉचमनने सांगितलं की त्यांची कंपनी खलास झाली, व्हिसा रद्द, मंगळवारी कायमचे गावी चाललेत. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी खालून हॉर्न वाजवला तेव्हा मी मुलांना खाली पाठवलं आणि सांगितलं, आज मी येत नाही. मंडळीत गेल्यापासून मी पहिल्यांदाच चर्च चुकवलं. समोरची बेल वाजवली. भाभींनी दार उघडलं, हातात चिकटपट्टीचं रीळ होतं. ऐनवेळी काही सुचणार नाही म्हणून मी आधीच पाठ केलेलं एका दमात म्हणून टाकलं.

“भाभी, आमच्या चर्चमध्ये चहा चालत नाही. म्हणून मी घेत नव्हते. आणि त्या दिवशी माझा उपास होता, पाण्याचासुद्धा.”

त्या म्हणाल्या, “चहा? चहात काय हराम असतं?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. “मलाही अजून नीट कळलेलं नाही.”

त्यावर त्या जे हसायला लागल्या ते खोक्यावर बसूनच. मीही हसले. त्यांचं हसणं थांबलं तेव्हा डोळे भरलेले होते. रीळ मांडीत ठेवून त्या म्हणाल्या, “मला वाटलं तुला आमचं चालत नाही. वरसभर गो बाय. रोज अकरा वाजले की मी ह्या दाराच्या आत उभी असायची, तू बाहेर आलीस का बघत. मला तरी इथं दुसरं कोण होतं?”

मी त्यांच्या घरात जे होतं ते सगळं खाल्लं. शिळी भाकरी, लोणचं, डब्यात तळाला उरलेला शेव-चिवडा, बांधाबांधीत सापडलेले खजूर. आमच्यात काय काय चालत नाही आणि त्यांच्यात काय काय चालत नाही, हे आम्ही एकमेकींना सांगत बसलो. हे आणि मुलं परत आली तेव्हा दोन्ही दारं उघडी होती आणि माझ्या घरात स्वयंपाकाचा पत्ता नव्हता. शुक्रवार ते मंगळवार, इतकेच दिवस मिळाले. मंगळवारी त्या गेल्या. जाताना म्हणाल्या, आता कुणी नवी आली तर पहिल्याच दिवशी सांगून टाक.

दोन महिन्यांनी समोर नवं कुटुंब आलं, केरळातल्या कोट्टायमचं. मी पहिल्याच दिवशी बेल वाजवली आणि इंग्रजीत सांगून टाकलं की आम्ही चहा-कॉफी घेत नाही. ती बाई चांगली होती. नो प्रॉब्लेम म्हणाली, आत बोलावलं, संत्र्याचा रस आणला, केळ्याचे वेफर्स आणले. मी सगळं घेतलं. ग्लास संपला तरी बसून राहिले. ती हसली, मी हसले, आणि पुढे इंग्रजीत काय बोलायचं ते आम्हा दोघींनाही सुचेना.