बंद पडलेल्या गाडीभोवतीचे सहा जण

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास हातकणंगल्याहून कोल्हापूरकडे येणारी एक जुनी पांढरी मोटार रस्त्यातच बंद पडली. साधारण अर्ध्या तासाने ती पुन्हा चालू झाली. तेवढ्या वेळात गाडीतली दागिन्यांची पिशवी नाहीशी झाली होती.

त्या वेळी मी त्या हद्दीत फौजदार होतो. नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळली आहेत. हे एक मात्र कागद न काढताही क्रमाने सांगता येते.

गाडी एका दूध व्यावसायिकाची. गाडीत दोघेच होते. मागे मालकाची पत्नी आणि पुढे चालक. मुलीचे लग्न बारा दिवसांवर आले होते. घरातला जुना साज आणि पाटल्या दुरुस्तीसाठी कोल्हापुरात गुजरीतल्या सराफाकडे न्यायच्या होत्या. संशय येऊ नये म्हणून दागिने एका खाकी कापडी पिशवीत, जुन्या साड्यांच्या घडीखाली ठेवलेले होते. गाडी बंद पडल्यावर बाई खाली उतरून रस्त्याकडेच्या चिंचेखाली जाऊन बसल्या. जाताना त्या चालकाला म्हणाल्या, "पिशवीकडं ध्यान असू दे बरं का." चालकाने "व्हय वहिनी" म्हटले आणि बॉनेट उघडले.

गाडी चालू झाल्यावर बाई परत येऊन बसल्या, तेव्हा पिशवी नव्हती.

मालक तासाभरात ठाण्यात हजर झाले. ठाणे अंमलदाराने फिर्याद लिहून घेतली. संशय कोणावर, असे विचारल्यावर मालकांनी चालकाचे नाव घेतले.

"बावीस वर्सं घरच्यासारखा हाय, साहेब," ते म्हणाले. "पण गाडी बंद पडती काय, पिशवी जाती काय, आणि लगेच गाडी चालू हुती काय. तुम्हीच बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात निनावी फोन आला. गाडी जिथे बंद पडली, तिथून हाकेच्या अंतरावर चालकाचा साडू राहतो, एवढेच सांगून फोन ठेवला गेला. आम्ही पडताळणी केली. माहिती खरी निघाली. मोटार वाहन निरीक्षकाने ठाण्याच्या आवारात गाडी तपासली. ती पहिल्या चावीला चालू झाली. यांत्रिक दोष आढळला नाही, असा त्याचा अहवाल आला. त्याच संध्याकाळी मी चालकाला अटक केली. कलम ३८१, नोकराने मालकाची वस्तू चोरणे. न्यायालयाने पाच दिवसांची पोलीस कोठडी दिली.

चालक पन्नाशीचा होता. गुन्हा शाबित झाला असता तर तुरुंगवास होता, आणि त्यानंतर त्या भागात कोणी त्याच्या हातात गाडीची चावी दिली नसती. दुसरे कुठलेही काम त्याला येत नव्हते.

चौकशीत मी त्याला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला.

"गाडी बंद का पडली?"

"ठाऊक न्हाय, साहेब."

"बावीस वर्षे गाडी चालवतोस आणि ठाऊक नाही?"

"म्हणूनच म्हणतोय, ठाऊक न्हाय. खोटं सांगायचं असतं तर कचरा आला म्हणून सांगून मोकळा झालो असतो की."

"मग चालू कशी झाली?"

"ते बी ठाऊक न्हाय."

साडूच्या घराची झडती घेतली. काही मिळाले नाही. साडू दोन महिने कर्नाटकात ऊसतोडीच्या टोळीबरोबर होता, हेही तेव्हाच कळले.

दरम्यान साक्षीदारांचे जबाब नोंदवणे चालू होते. साक्षीदार शोधावे लागले नाहीत. आपल्याकडे गाडी बंद पडली की चार माणसे जमतात आणि प्रत्येकाला कारण माहीत असते. त्या दिवशी सहा जण थांबले होते. त्यातले पाच जण आपणहून ठाण्यात आले. चोरीबद्दल त्यांना फारसे सांगता येत नव्हते. गाडीबद्दल मात्र पाचही जण ठाम होते.

एका प्राथमिक शिक्षकांनी पेट्रोलच्या नळीत कचरा अडकल्याचे सांगितले होते. एका ट्रॅक्टरचालकाने त्यांना तिथेच खोडले होते.

"मास्तर, कचरा-बिचरा काय न्हाय. कॉइल तापलीया. ओलं फडकं टाका तिच्यावर."

पानपट्टीवाल्याच्या मते पॉइंट खराब झाले होते. पोस्टमनच्या मते कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल जास्त झाले होते. पाचवे लष्करातले निवृत्त हवालदार. त्यांनी सगळ्यांना बाजूला केले आणि बॅटरीचा टर्मिनल पान्याने आवळला. चालकाने चावी फिरवली आणि गाडी चालू झाली.

हवालदारांनी जबाबात हे दोनदा लिहायला लावले.

"लिहा साहेब. मी आवळल्यावर चालू झाली. ह्या चौघांनी अर्धा तास घालवला."

"पिशवी कोणी नेली, ते पाहिलंत का?"

"पिशवी कशाला बघू? माझं सगळं ध्यान बॅटरीवर."

कोठडीच्या चौथ्या दिवशी मी शाहूपुरीतल्या एका मेकॅनिकला बोलावले. तोपर्यंत मला खात्री होती की चालकाने जाणूनबुजून गाडी बंद पाडली. ती कशी पाडली, एवढेच सिद्ध करायचे होते. मेकॅनिक साठीचा, कमी बोलणारा. त्याने बॉनेट उघडलेच नाही. आधी चालकाला बाहेर आणायला सांगितले.

"आचके देत बंद पडली का एकदम?" त्याने विचारले.

"एकदम. दिवा मालवल्यासारखी."

"स्टार्टर फिरत हुता?"

"फिरत हुता की. पण इंजिन पकडत नव्हतं."

मेकॅनिक माझ्याकडे वळला. "साहेब, चालत्या गाडीला पेट्रोल कमी पडलं तर ती धापा टाकती. दोन-चार आचके देती, मग बंद हुती. एकदम मालवली म्हणजे करंट तुटला. आणि स्टार्टर फिरत हुता, म्हणजे बॅटरीत खोट न्हाय. त्यो टर्मिनल आवळला न आवळला, सारखंच."

मी चालकाला गाडी का बंद पडली, हे दहा वेळा विचारले होते. कशी बंद पडली, हे एकदाही विचारले नव्हते.

मेकॅनिकने चावीपासून कॉइलकडे जाणारी वायर हाताने चाचपत नेली. डॅशबोर्डच्या मागे त्या वायरला एक जुना जोड होता. तिथून दोन बारीक वायरी रबरी मॅटखालून पुढच्या डाव्या सीटखाली गेल्या होत्या. सीटच्या चौकटीला आतल्या बाजूने एक छोटा खटका बसवलेला होता. गाडी चालू करायला सांगून त्याने तो बोटाने पुढे ढकलला. चालू असलेली गाडी त्याच क्षणी बंद पडली.

"चोर-स्विच," तो म्हणाला. "गाडी लावून जाताना हा बंद करायचा. चोराला चावी मिळाली तरी गाडी चालू हुत न्हाय."

चालकाने वाकून खटका पाहिला. "ही गाडी माझ्या हाताखाली चार वर्सं हाय," तो म्हणाला. "हे मला आजच दिसतंय."

त्याच दुपारी बाईंचा पुरवणी जबाब घेतला. पिशवी कुठे ठेवली होती, हे पहिल्या जबाबात फक्त "गाडीत" असे लिहिलेले होते. आता मी नेमकी जागा विचारली. पिशवी पायाशी होती, त्या म्हणाल्या. पाय आखडले म्हणून त्यांनी ती पायानेच पुढच्या सीटखाली सारली.

"कधी?"

"गाडी बंद पडायच्या जरा आधी. आधी म्हणजे... सारली आणि पडलीच की बंद."

पंचांसमक्ष तसाच प्रयोग केला. तशीच कापडी पिशवी, तेवढेच वजन. पिशवी मागून आत सारली की खटका पुढे जात होता आणि गाडी बंद पडत होती. ओढून काढताना पिशवीचा पट्टा खटक्यात अडकून त्याला मागे आणत होता. पाच वेळा करून पाहिले. चार वेळा तसेच घडले.

याचा अर्थ असा होता की गाडी टर्मिनल आवळल्यामुळे चालू झालेली नव्हती. पिशवी बाहेर काढली, म्हणून ती चालू झाली. चालकाने मधूनमधून चावी फिरवून पाहिली होती. शेवटचा फसलेला प्रयत्न पोस्टमनच्या सांगण्यावरून झाला आणि त्यानंतरचा हवालदारांच्या. पिशवी या दोन प्रयत्नांच्या मध्ये गेली होती. त्या वेळी चालक बॉनेटखाली वाकलेला होता, हे पाचही जबाबांत होते.

मी ते जबाब पुन्हा वाचायला घेतले. पाचही जणांनी सहाव्या माणसाचा उल्लेख केला होता. मोपेडवर हिरव्या मक्याच्या वैरणीचा भारा घेऊन आलेला, सगळ्यांत आधी थांबलेला. बाई चिंचेखाली जाताना चालकाशी बोलल्या, तेव्हा तो तिथेच होता. मी पाचही जणांना पुन्हा बोलावले.

"त्या वैरणवाल्याचं म्हणणं काय होतं? गाडी कशानं बंद पडली?"

पाचही जणांना ते आठवेना. ट्रॅक्टरचालक म्हणाला, "त्यो कायच बोलला न्हाय, साहेब. दाराकडंच हुबा हुता."

"गाडी चालू झाल्यावर तो काय म्हणाला?"

"तवा कुठं हुता त्यो? हवालदार पाना शोधत हुते तवाच गेला."

बंद पडलेल्या गाडीजवळ अर्धा तास थांबलेला माणूस ती चालू झालेली पाहिल्याशिवाय जात नाही. बाकीचे पाच जण तर चालू झाल्यावरही कोणाचे खरे ठरले, यावर दहा मिनिटे वाद घालत उभे होते.

वैरणवाला दुसऱ्या दिवशी सकाळी पाच किलोमीटरवरच्या गावात सापडला. जनावरांच्या गोठ्यात गव्हाणीच्या मागे, साड्यांसह पिशवी होती. ती त्याने वैरणीच्या भाऱ्यात खुपसून नेली होती. कोणी साथीदार नव्हता. पूर्वीचा गुन्हा नव्हता. बाईंचे बोलणे ऐकले आणि दार उघडे दिसले, एवढेच त्याने सांगितले. जबाबावर अंगठा देताना त्याने विचारले, "ती गाडी चालू झाली का मग?"

निनावी फोन कोणी केला, हे शेवटपर्यंत कळले नाही.

खटका गाडीच्या आधीच्या मालकाने बसवला होता. ते शाहूपुरीतच दुकान चालवत. मी त्यांचा जबाब घ्यायला गेलो.

"गाडी विकताना सांगितलं हुतं की मी," ते म्हणाले. "जागा दाखवली. ड्रायव्हरला सांगू नका, असं पण सांगितलं."

मी हे दूध व्यावसायिकाला वाचून दाखवले. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतले.

"व्हय," ते म्हणाले. "सांगितलं हुतं. एकदा बी वापरला न्हाय, म्हणून ध्यानात ऱ्हायला न्हाय."

चालकाविरुद्ध पुरावा नसल्याचा, कलम १६९ प्रमाणे अहवाल मी न्यायालयाला पाठवला. तो सुटला. तीन दिवसांनी मालक सुपुर्दनाम्यावर गाडी न्यायला आले, तेव्हा जप्त केलेला परवाना परत घेण्यासाठी चालकही ठाण्यात आलेला होता. मालक त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले.

"झालं ते झालं. चल, बस गाडीत. लगीन तोंडावर आलंय."

"माझं काम झालं, मालक. घरला जातो."

"राग धरलास व्हय?"

"न्हाय. राग कशाचा."

मालक स्वतः चालकाच्या जागेवर बसले. त्यांनी चावी फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिनने पकडले नाही. त्यांनी आणखी तीन वेळा फिरवली. व्हरांड्यातले दोन शिपाई पायऱ्या उतरून आले. एक म्हणाला, "पेट्रोल हाय का बघा." दुसरा म्हणाला, "कॉइल असंल."

चालक फाटकापर्यंत गेला होता. तो परत आला. त्याने मागचे डावे दार उघडले, वाकून पुढच्या सीटखाली हात घातला. प्रयोगाच्या वेळी खटका बंदच राहिला होता.

"मारा आता," तो म्हणाला.

गाडी चालू झाली. त्याने दार लावले आणि तो बस थांब्याकडे चालत गेला. वाहन मालकाच्या ताब्यात दिल्याची स्टेशन डायरीतली वेळ दुपारी चार वाजून दहा मिनिटे अशी आहे.