हात जातो

चांगुणाचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. शिरूरच्या दवाखान्यात ती आया होती, मूळची केंदूरच्या बौद्धवाड्यातली. व्यायाम शिकवायला आलेल्या एका बाईंनी तिला कोनमापक सांध्यावर धरून आकडा वाचायला शिकवलं आणि त्या बदली होऊन गेल्या. तेव्हापासून कुणाचा गुडघा किती वाकतो, कुणाचा खांदा किती उचलतो, हे वहीत टिपणं तिच्याच गळ्यात पडलं. हुद्दा मात्र आयाचाच राहिला.

शहात्तर साली म्हाळू आला. दौंडकडच्या साखर कारखान्यात गव्हाणीवर, म्हणजे ऊस आत ओढून नेणाऱ्या पट्ट्यावर, मोळ्या टाकायचा. एक मोळी खांद्यावर कोसळली आणि उजव्या हाताचं बळ गेलं. दोन महिने चांगुणा मोजत होती. म्हाळूनं स्वतः हात उचलला की साठ अंश, वर एक दोरा नाही. असा हात घेऊन गव्हाणीवर तोल गेला तर माणूस उसाबरोबरच आत जायचा.

त्या दिवशी कारखान्याचे डॉक्टर बापूसाहेब निकाल द्यायला आले. त्यांनी म्हाळूचं मनगट धरलं, हात पार कानापर्यंत नेला आणि विचारलं, "काय रे, हात वर जातो का?"

"जातो की साहेब."

साहेबांनी लिहिलं, एकशे सत्तर. कामास योग्य.

चांगुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब, हात तुम्ही नेला. त्येनं न्हाई. माझ्या वहीत साठ हायेत."

"कागदावर रकाना एकच आहे, बाई, हात कुणी नेला ते लिहायला जागा नाही. आणि तो स्वतःच जातो म्हणाला. तू आया आहेस, आयाचं काम कर." सही उरकण्याआधी ते समोर आलेल्या चहाकडे वळले.

चांगुणानं म्हाळूला दंडाला धरून व्हरांड्यात ओढलं. साहेबाचा राग होताच, त्याहून जास्त याचा आला होता.

"जातो म्हणायला काय झालं तुला? मरायचं हाय?"

"आक्का, त्येंनी नेला तवा गेलाच की. आन् एवढा मोठा माणूस इचारतोय, त्येला न्हाई कसं म्हणायचं?"

तिचा बापही असाच. उभा जन्म पाटलांपुढं जी-जी करत गेला, दुखतंय असं एकदाही म्हणाला नाही. त्या जी-जीचा तिला लहानपणापासून तिटकारा होता.

"म्हण, न्हाई."

"न्हाई," म्हाळू पुटपुटला.

"मुंग्यांना सांगतोस का? मोठ्यानं."

चारदा म्हणवून घेतलं. मग त्याला आत नेलं आणि साहेबांच्या टेबलासमोर उभं केलं. स्वतः मागे सरकली. साहेबांनी पेन उघडलं होतं.

म्हाळू म्हणाला, "साहेब, तुम्ही नेला तर जातो. मी नेला तर न्हाई."

साहेबांनी मान वर केली. म्हाळूनं हात उचलला. छातीच्या खालीच तो थरथरायला लागला, तरी त्यानं तो खाली घेतला नाही.

"मग मघाशी जातो का म्हणालास?"

"तुम्ही इचारलंच तसं."

बापूसाहेबांनी एकशे सत्तरवर काट मारली आणि चांगुणाकडे न बघता वहीसाठी हात पुढे केला.