सरांनी मोजलेली विहीर

आमच्या ऑफिसातले चार जण एकत्र बसले की चहा निवून जातो, पण किस्से काही सरत नाहीत. संभाजीनगरात बसून गावोगावी पाण्याचा सल्ला द्यायचा, हा आमचा धंदा. शहर फुगतंय, पाऊस दगा देतोय, म्हणजे आमची तर चांदीच! मी हर्सूलची, या ऑफिसातली ज्युनिअर इंजिनिअर. जोशी सर आमचे एक्स्पर्ट. हुशार माणूस, पण कागदाबाहेर काढला की पंचाईत.

* * *

एकदा सर दिल्लीच्या साहेबांना ऑनलाइन प्रेझेंटेशन देत होते. विषय काय, तर 'चोवीस तास पाणीपुरवठा'! स्लाइड ऐन रंगात आली आणि वहिनींचा फोन.

"अहो, नळ आलाय! आठ दिवसांनी आलाय, मोटर लावायला या आधी!"

सर "एक्स्क्यूज मी" म्हणाले आणि सुटले. ऑफिसातले त्यांच्याच कॉलनीतले दोघं त्यांच्या मागोमाग. दिल्लीवाले विचारतायत, "व्हॉट हॅपन्ड?"

मी म्हटलं, "सर, अर्जंट फील्ड व्हिजिट!"

* * *

मग फुलंब्रीकडच्या एका गावाचं काम आलं. गावाला रोज एक टँकर यायचा. तो चालू ठेवायचा की बंद करायचा, हे आमच्या रिपोर्टवर ठरणार होतं. सरपंच मीराताईंना आम्ही शहरात वर्कशॉपला बोलावलं. हॉटेलात एसी, प्रत्येकापुढं पाण्याची बाटली. सगळ्यांनी दोन-दोन घोट घेतले आणि बाटल्या तशाच टाकून जेवायला पळाले.

मीराताई मात्र टेबलाटेबलावरून उरलेलं पाणी कॅनमध्ये ओतत फिरत होत्या. सर दचकलेच, "ताई, हे काय?"

"तुमचं नियोजन झालं नव्हं? आता माझं चाललंय!"

जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोरी, काय बी लिहा, पण आमचा टँकर तेवढा तोडू नका." मी छातीठोकपणे "नाही तोडणार" म्हणाले.

* * *

गावात गेल्यावर सरांनी लोकांना रांगोळीनं पाण्याचे स्रोत काढायला लावले. बायांनी एक डबा काढला, त्याला चार चाकं काढली.

"हा कोणता स्रोत?"

"टँकर हाय की सायेब. दुसरं हायच काय इथं?"

सरांनी वहीत लिहिलं, 'फिरता जलस्रोत'. मी हसू दाबायला शेतात गेले.

* * *

तिथून विहिरीवर. तिकडं टँकरचं पाणी आधी विहिरीत सोडतात, मग बाया शेंदून नेतात. आम्ही पोचलो तेव्हा टँकर नुकताच रिकामा होऊन गेला होता. बाया घागरी घेऊन उभ्या. सरांनी टेप सोडला आणि ओरडलेच, "अरे वा! ऐन मे महिन्यात एवढं पाणी?"

एक म्हातारी सांगायला पुढं आली, "सायेब, त्ये पाणी..."

"मावशी, आधी रीडिंग, चर्चा नंतर!"

चर्चा काही झाली नाही, कारण सरांना परत जायचं होतं. आकडा फॉर्मवर मीच लिहिला. चिखलात चाकांचे ओले ठसे दिसत होते, तरी लिहिला! अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. रिपोर्ट गेला: 'विहीर सक्षम, टँकर अनावश्यक.' पुढच्या सोमवारपासून टँकर बंद.

* * *

चार दिवसांनी मीराताई ऑफिसात हजर. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सायेब, विहीर पुन्हा मोजायची हाय. चला."

मी सरांच्या आधी गाडीत जाऊन बसले.

विहिरीवर अख्खं गाव गोळा झालेलं. सरांनी टेप सोडला, तळाला टेकला, वर ओढला. कोरडा ठणठणीत! पुन्हा सोडला, पुन्हा कोरडा. सरांनी टेप उलटा-पालटा करून बघितला, चष्मा पुसला आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "या टेपमध्ये फॉल्ट दिसतोय."

मीराताईंनी पदर खोचला. म्हणाल्या, "आसंल की. दुसरा घेऊन या. पण सायेब, या वक्ताला टँकरच्या मागं मागं या, म्हंजी बरोब्बर मोजलं जातंय!"