अप्पांचं नवीन कार्ड

रिटायर झाल्यावर आमच्या अप्पांना दोनच नाद उरले: सकाळचं फिरणं आणि कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती. आणि माझं नशीब बघा, मी हेब्बाळच्या ऑफिसात प्रोसेसरच्या आतच बसवलेल्या ग्राफिक्सवर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या भागावर, काम करते. वेगळं ग्राफिक्स कार्ड न घेताही गेम चांगला चालावा, यासाठी माझं सगळं डोकं खर्च होतं. अप्पा त्याला "फुकटातलं" म्हणायचे. "खेळायचं तर कार्डच पाहिजे गं. तुमचं ते पत्रं टाइप करायला सरी." सरी म्हणजे कानडीत ठीक. सात वर्षं हे ऐकतेय! बाहेरच्या कुणी म्हटलं तर मी हसून सोडते, पण बापाने म्हटलं की जीव जळायचा. एकदा तरी त्यांनी चांगलं म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

गेल्या महिन्यात कुठल्या कंपनीचं कार्ड भारी, यावर शेजारच्या मराठी काकांशी आठवडाभर हुज्जत घालून त्यांनी नवीन कार्ड आणलं आणि मला हातही न लावू देता स्वतः बसवलं. रविवारी मी जयनगरला त्यांच्याकडे गेले तर अप्पा दारातच सुरू. "ये, बघ गाडी कशी पळते! याला म्हणतात कार्ड!"

खरंच छान पळत होती. पण कार्डाचे पंखे काही फिरेनात. मागे वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. अहो, मॉनिटरची केबल कार्डाला नव्हतीच! वर, मदरबोर्डाच्या खाचेत खोचली होती, जिथे प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सचं चित्र येतं. महिनाभर कार्ड नुसतं आत बसून होतं आणि अप्पा खेळत होते माझ्या फुकटातल्यावर.

माझा तोंडावर ताबा कधी होता? "अप्पा, कौतुक चाललंय ना, ते कार्डाचं नाहीच. ते आमचं आहे!"

आधी ते मानेनात. मग स्वतः वाकून केबल बघितली, आणि चेहरा इतका पडला त्यांचा, की कशाला बोलले असं मला झालं. "असू द्या अप्पा, होतं असं. कार्डाला लावून देते," म्हणत मी केबलकडे हात नेला.

त्यांनी हात धरला. "स्वल्प थांब, जरासं." पुन्हा खुर्चीत बसून त्यांनी शर्यतीचा एक अख्खा फेरा मारला. मग उठून खिडकीतून शेजारच्या काकांना हाक मारली, "अहो, या इकडे! कार्ड राहू दे. माझ्या पोरीनं काय केलंय ते बघायला या."