गुरुवारची सुट्टी

ती डिटेक्टिव्ह मालिका मी चौथीत असल्यापासून चालू आहे. कुरुळीत आम्ही ताटं घेऊन तिच्यासमोर बसायचो आणि माझी बहीण पहिल्या जाहिरातीच्या आत खुनी ओळखायची. पुढे त्याच मालिकेत तिचाच खून दाखवतील, हे कुणाच्या बापाला ठाऊक होतं?

लग्नानंतर ती थेरगावात राहायची, चाकणला कंपनीत कामाला यायची. नवऱ्याने संशयापायी तिचा जीव घेतला. तो तुरुंगात आहे, तिची पोरगी आमच्याकडे. त्या पोरीने दोन वर्षं बापाचं नाव काढलं नव्हतं. तिच्याजवळ आईची आठवण तेवढी उरली होती, आणि त्या आठवणीला कुणी हात लावू नये एवढीच माझी धडपड होती.

मग मालिकेसाठी माहिती गोळा करणारा एक जण मुंबईहून आला. म्हणाला, "दादा, तुमच्या बहिणीची बाजू लोकांपुढे यायला हवी." मी भाळलो. चहा पाजून सगळं सांगितलं. रविवारीसुद्धा डबा घेऊन कामावर जायची, इतकी कष्टाळू होती, हेही सांगितलं. तेवढं एक वाक्य गिळलं असतं तर!

आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते. रविवारी सगळे कामावर. हे त्याला सांगावं असं सुचलंच नाही. इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट कोण सांगत बसतं?

एपिसोड लागला. नाव बदललेलं, गाव बदललेलं. इन्स्पेक्टर डोळे बारीक करून म्हणाला, "रविवारी तर कंपनी बंद असते. मग ही डबा कुणासाठी न्यायची?" पुढे लॉज, पुढे प्रियकर, शेवटी ढसाढसा रडणारा बिचारा नवरा.

"ही आमची पोर न्हाई," आई म्हणाली आणि ताट सारून उठली.

लिहिणाऱ्यावर मी तेवढा चिडलो नाही. त्याने जन्मात कंपनीचं गेट पाहिलं नसेल. पण दर रविवारी स्वतः कंपनीच्या बसमध्ये बसणारा शेजारी मला म्हणतो, "वाईट वाटून घेऊ नको भावा, पण काहीतरी असणारच की राव." अरे, मग तू कुठं जातोस रविवारी? मी विचारलं नाही. हात उचलला गेला असता.

पोरीला जवळ बसवून सुट्टीचं सगळं समजावलं. विचारलं, "गुरुवारी तुला शाळेतून न्यायला कोण यायचं?"

"आई," ती म्हणाली. मला वाटलं, पटलं.

मग ती म्हणाली, "पण मामा, इतक्या वर्षांची मालिका आहे. ते खोटं कशाला दाखवतील?"

मी तोंड उघडायच्या आत तिनेच पुढे विचारलं, "पप्पांना भेटायला नेशील? मी त्यांच्यावर उगाच चिडून बसले होते."