सोड तिला!

गावाबाहेरच्या माळावर मोटारसायकलींची शर्यत चालली होती. मातीच्या उंचवट्यावरून उडालेली एक गाडी हवेतच तिरकी झाली, तसं शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी माझं मनगट धरलं आणि ते ओरडायला लागले, “सोड! अरे, सोड तिला!”

स्वारानं हँडल सोडलं आणि पायानं गाडी दूर लोटली. ती एकीकडे आदळली. तो दुसरीकडे मातीत लोळला आणि अंग झाडत उठला.

“मुलगा माझा,” गृहस्थ म्हणाले. “मीच शिकवलंय त्याला. गाडी ऐकेनाशी झाली की धरून बसायचं नाही. धरून बसणाराच तिच्याखाली सापडतो.”

धरणं कुणाला शिकवावं लागत नाही. तान्हं मूलसुद्धा बोट दिलं की मूठ आवळतं. सोडणं मात्र शिकावं लागतं, आणि ते आठवायला वेळ मिळतो तो गाडी हवेत असेल तेवढाच.

मुलानं लंगडत जाऊन गाडी उभी केली, किक मारली. पुढच्या फेरीत तो आमच्यासमोरून धूळ उडवत गेला, तेव्हाही माझं मनगट त्याच्या वडिलांच्या मुठीतच होतं.