थोरल्यांचा कोट, काकांचं पोट

कोटकाकांना त्या घरात नोकरी मिळाली ती अंगच्या गुणांमुळे नव्हे, अंगाच्या मापामुळे. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी थोरले साहेब याच घराच्या सज्जात उभे राहून बोलले, म्हणून पुढे त्या घराचं संग्रहालय झालं. साहेब तेव्हा नुकते तुरुंगातून सुटलेले, नुसता हाडांचा सापळा. त्यांचा त्या दिवशीचा काळा कोट काचेच्या कपाटात असायचा. दर स्वातंत्र्यदिनाला कुणीतरी तो घालायचा, सज्जातून साहेबांचं भाषण म्हणायचं आणि खाली उतरून अंगणात झेंडा चढवायचा, असा तिथला शिरस्ता. पंचाईत एवढीच, की खात्यापित्या माणसाचा हात त्या बाहीत कोपराच्या पुढे जात नसे. अशात काका पहारेकऱ्याच्या जागेसाठी आले. साहेबांना तुरुंगाने वाळवलं होतं, काकांना बेकारीने. कोट अंगावर असा चपखल बसला, की त्यांना कुणी शिक्षणसुद्धा विचारलं नाही.

तेव्हापासून वर्षातला एक दिवस काका देशाचे पुढारी. 'आजपासून या देशात कुणी कुणाचा नोकर नाही!' असं सज्जातून गरजायचे, टाळ्या घ्यायचे, आणि लगेच खाली पळत जाऊन मॅनेजरांच्या गाडीला फाटक उघडायचे. त्याचं त्यांना काही वाटत नसे. भाषण भाषणाच्या जागी, फाटक फाटकाच्या जागी.

घात केला तो पगाराने. पगार सुरू झाल्यावर घरी दोन्ही वेळा चूल पेटू लागली, आणि काकूंच्या, म्हणजे काकांच्या बायकोच्या, हाताला भारी चव. काकांचं पोट दरवर्षी थोडं थोडं स्वतंत्र होत गेलं. कोटाला सुई लावायची सोय नव्हती. मॅनेजर तो हातमोजे घालून तान्ह्या बाळासारखा उचलायचे, वर बजावायचे, "ही राष्ट्राची ठेव आहे, काका!" राष्ट्राच्या ठेवीत राष्ट्राचा पहारेकरी मावेना, त्याला ते तरी काय करणार?

यंदा काकांचं शेवटचं वर्ष. पुढल्या महिन्यात निवृत्ती, आणि मॅनेजरांचा काडीपैलवान मेहुणा कोटावर डोळा ठेवून बसलेला. कोट गेला तर जावो, पण काकांच्या जिवाला एकच गोष्ट लागून राहिली होती. काकूंनी त्यांना सज्जात कधी पाहिलंच नव्हतं. संग्रहालयातला चहा काकूंकडे. वर भाषण सुरू झालं, की त्या मागच्या स्वयंपाकघरात पाहुण्यांच्या चहाचं आधण बघत असायच्या. तिथे थोरल्या साहेबांच्या पत्नीचा खलबत्ता होता. सगळ्या घरात त्या बाईंची तेवढीच खूण, आणि तिच्यावर साधी पाटीही नाही. काकू त्यात आलं कुटायच्या.

"यंदा तू पुढे खुर्चीवर बसायचंस," काकांनी बजावलं.

"काय बघायचंय त्यात? रोज बघतेच आहे की."

"रोज बघतेस तो पहारेकरी. एकदा मोठा माणूस म्हणून बघ."

काकू हसल्या, पण त्यांनी ठेवणीतले कपडे काढले, धाकट्या जावेला चहापाशी उभं केलं आणि महिनाभर काकांना नुसत्या उकडलेल्या भाज्या घातल्या. काका बिचारे रवंथ करत राहिले. सरावाच्या दिवशी श्वास रोखून धरल्यावर बटणं लागली.

स्वातंत्र्यदिनाला अंगण फुलून गेलं होतं. मॅनेजर प्रमुख पाहुण्यांना घेऊन झेंड्यापाशी उभे. काकू पहिल्या रांगेत. काका सज्जात आले, मान ताठ, छाती पुढे. पोट कुठे ठेवलं होतं देव जाणे! भाषण झोकात चाललं. "आजपासून या देशात कुणी कुणाचा..." म्हणत त्यांनी हात उंचावला, आणि पाठीत टर्रकन आवाज झाला. माइकने तो नेमका टिपला. लोकांना वाटलं, माइकच बिघडला.

काकांचं तोंड पांढरंफटक पडलं. पुढून कोट शाबूत, मागून मानेपासून कमरेपर्यंत दोन देश झालेले. आता या पाठीनिशी खाली गर्दीत जायचं आणि सगळ्यांच्या देखत झेंडा चढवायचा! जागचं हलायची सोय नव्हती, म्हणून ते बोलतच सुटले. "कुणी कुणाचा नोकर नाही! नाही म्हणजे नाही! मॅनेजरांचासुद्धा नाही! मेहुण्यांचा तर मुळीच नाही!" लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. हे भाषण इतकं रंगतदार असल्याचं त्यांना माहीतच नव्हतं.

पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी झालेली काकांनी पाहिली आणि त्यांचा उरलासुरला धीरही सुटला. लाजेने उठून गेली बिचारी, त्यांना वाटलं.

तेवढ्यात पाठीमागून धापा टाकत आवाज आला. काकू स्वयंपाकघरातल्या जिन्याने वर आल्या होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी कोटाच्या कडा आवळून धरल्या. "श्वास घ्या आता. कोट गेला तो गेला. चला खाली."

अशी वरात अंगणात आली. पुढे काका, मागे त्यांना चिकटून काकू. पाहुण्यांनी विचारलं, "या कोण?" मॅनेजरांना घाम फुटला. खरं सांगावं तर राष्ट्राची ठेव फाटलेली! ते माइकमध्ये म्हणाले, "या थोरल्या साहेबांच्या पत्नी. त्या त्यांच्या पाठीशी खंबीरपणे उभ्या होत्या." पाहुण्यांनी हात जोडले. त्या बाईंना त्या घरात पहिल्यांदा टाळ्या मिळाल्या, त्याही कोट उसवला म्हणून.

पाहुणे गेल्यावर मॅनेजर फाटका कोट उराशी धरून स्वयंपाकघरात आले. रागवावं की आभार मानावेत, त्यांना कळेना. शेवटी म्हणाले, "कोट शिवून घेऊ. पण काकू, पाहुण्यांना तो प्रसंग फार आवडला. पुढल्या वर्षी मेहुण्याच्या मागे तुम्ही उभ्या राहाल ना?"

"मी कशाला? त्याला बायको आहे की!" काकू म्हणाल्या आणि त्यांनी मॅनेजरांच्या हातात चहा दिला.

मॅनेजर गेले. काका खाली मान घालून कप विसळत होते. "शेवटचं वर्ष," ते म्हणाले. "एकदाच तुला नीट बघू द्यायचं होतं. सगळा विचका झाला."

"बघितलं की. आलात तेव्हा मला ओळखूच येईना. एवढा संसार केला आणि म्हटलं, कोण हा माणूस? छातीत धस्स झालं. मग टर्र झालं, तुमचं तोंड एवढंसं झालं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. म्हटलं, हा माझाच."

काकांचे डोळे भरून आले. ते तोच कप पुन्हा पुन्हा विसळत राहिले. मग हळूच विचारलं, "आज जेवायला काय आहे?"

"म्हणाल ते," काकू म्हणाल्या. "आता कुणाच्या मापात बसायचंय तुम्हाला?"